यादवभाऊचं वाजवणं

यादवभाऊनं पेटी देवळात देऊन टाकली, असं चुडामणनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच आमच्या बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यातून लोधीपुऱ्यात त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

“भाऊ, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लग्नसराई तोंडावर आली अन् तू पेटी दान करून बसला?”

तो ओट्यावर बसला होता. पुढ्यात एक काळी, लांबट फळी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि वायरनं जोडलेला एक टॅब. माझ्याकडे बघून हसला. एक पट्टी दाबली, टॅबमधून पेटी वाजली. काचेवर बोट लावून परत दाबली, सनई वाजली. परत लावलं, बासरी.

“पूर्णिमानं बसवून दिलं,” तो म्हणाला. “ह्या फळीले स्वतःचा आवाज नाही. आवाज सगळे टॅबमधी. वायर काढली का ही मुकी.”

पूर्णिमा म्हणजे त्याची लेक, इंदूरला कंप्युटरच्या नोकरीत आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं यादवभाऊनं आणि त्याच्या आईनं. पोरीनं आपला जुना टॅब बापाला दिला, त्याच्यात रंगीत खुणा करून दिल्या. लाल खूण पेटीची, पिवळी सनईची. म्हटलं, चला, पोरीच्या हौसेखातर चार दिवस नाचेल आणि पुन्हा पेटीवर येईल. मी घरी गेले. पोळ्या वाळून कडक झाल्या होत्या, त्यावरून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आमची पार्टी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. मी वैजयंती गाते, चुडामण ढोलक वाजवतो आणि अधूनमधून गातोही, यादवभाऊ सुरावर. लग्न, हळद, डोहाळजेवण, गणपती, जागरण, जिथे बोलावतील तिथे टेम्पोत सामान टाकून जायचं. खकनार, डोईफोडिया, नेपानगर, पलीकडे रावेरपर्यंत. यादवभाऊ स्टेजवर तोंड उघडत नसे. माझा सूर जरा घसरला की भुवई उचलायचा, एवढंच. आणि मी घरी येईपर्यंत त्या भुवईवर जळत असायची. इतक्या वर्षांत त्याची भुवई कधी चुकली नाही, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

टॅबनं सुरुवातीला आमची चांगलीच फजिती केली. एका हळदीत मी रंगात आले होते, आणि पांडुरंगचा, म्हणजे यादवभाऊच्या धाकट्या भावाचा, खकनारहून फोन आला. टॅबवर. दोन्ही भोंग्यांमधून त्याची रिंग वाजायला लागली. लोकांना वाटलं नवीन चाल आहे, नवऱ्या मुलाचा मामा तर नाचायलाच लागला. पूर्णिमाला कळवलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, वाजवायच्या आधी विमानाची खूण दाबत जा, मग फोन येत नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी चुडामण ओरडायचा, “यादवदादा, विमान उडवलं का?”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. डोईफोडियाच्या हळदीपर्यंत.

आता ही एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आमच्यासारखे ऑर्केस्ट्रावाले सगळी गाणी एकाच पट्टीत वाजवतात. बोटांना तोच रस्ता ठाऊक असतो. गाणाऱ्याचा सूर वेगळा असला, तर फळीवरचं एक बटन दाबून आवाजच वर नाहीतर खाली सरकवायचा, बोटं आपली तिथेच. शास्त्रीयवाले नाक मुरडतात, मुरडू देत. त्यात धोका एकच. आधीच्या गाण्याला सरकवलेला सूर परत जागेवर आणायला विसरलात तर पुढच्याचा गळा कापला जातो. पण विसरलं तरी पहिल्या सुराला कान चपापतो आणि हात आपोआप बटनाकडे जातो. कुणाचाही जातो.

डोईफोडियात चुडामणनं एक गाणं म्हटलं, खूप वरच्या सुरात. मग माझं. मी उचललं आणि मागून यादवभाऊ आला तो सरळ चुडामणच्या सुरात. मी वळून पाहिलं. म्हटलं आता दाबेल. तो मान डोलवत वाजवत होता, नवरीकडे बघून हसत होता. दुसरी ओळ आली, तिसरी आली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग काय करते? मीच गळा ताणला आणि त्याच्या सुरात गेले. गाणं संपेपर्यंत घशात काटे उभे राहिले.

टेम्पोत सामान चढवताना मी त्याला सोडला नाही. “झोपला होता का भाऊ? माझ्या गळ्याचं लोणचं घालायचं होतं का तुला?” तो माझ्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता हसला. मी शिव्या देतेय आणि हा हसतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तशीच थिजली, कारण काहीतरी लक्षात आलं. तो पाठ फिरवून वायर गुंडाळायला लागला तेव्हा मी त्याच्या मागे उभी राहून म्हटलं, “यादवभाऊ, पायाजवळ विंचू आहे तुझ्या.”

तो वायर गुंडाळत राहिला.

चुडामण मात्र टेम्पोतून उडी मारून खाली आला, “कुठाय?” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यालाही कळलं. आम्ही दोघं त्या मांडवामागे उभे, पुढे गावजेवणाच्या पंगती बसलेल्या, आणि हा माणूस वायरीचं नीटस वेटोळं करून पिशवीत घालतोय.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन बसले. समोर बसलं की त्याला बोलणं कळायचं, ओठ बघून. “कधीपासून?” म्हटलं.

तो पट्ट्या पुसायला लागला. मग म्हणाला, “बारीक आवाज आधी गेले. बासरी गेली. मग तुहा वरचा सा गेला. मग पेटी. आता ढोलक तेवढी पायातून कळते.”

सगळी उमर भोंग्याच्या तोंडाशी बसून काढली त्यानं, दुसरं काय होणार? डॉक्टरकडे गेला होता, कुणाला न सांगता. कानात घालायचं यंत्रही आणलं होतं. त्यात माणसाचं बोलणं थोडं कळायचं, पण गाणं लागलं की डब्यात गोटे हलवल्यासारखं ऐकू यायचं, आणि भोंग्याजवळ गेलं की यंत्रच शिटी मारायचं. ते त्यानं काढून कपाटात टाकलं.

“मग वाजवतो कसा तू?”

त्यानं टॅब माझ्याकडे फिरवला. पट्टी दाबली की काचेवर एक हिरवी रेघ उठत होती. जोरात दाबली तर उंच, हळू दाबली तर ठेंगणी. शेजारी एक ठिपका लयीत उघडझाप करत होता. “पेटीत आवाज निघाला का नाही ते दिसत नाही वं. ह्याच्यात दिसतं.”

म्हणून पेटी दिली होती त्यानं. आणि मी पिठाच्या हातांनी भांडायला गेले होते. मला इतकं रडू आलं की मी त्याच्यावरच ओरडले, “आधी बोलायला काय झालं होतं?” त्याला ओरडणं ऐकू आलं नाही, रडणं दिसलं. म्हणाला, “पूर्णिमाले नको सांगू. ती मले इंदूरले नेईन. आई बुऱ्हाणपूर सोडणार नाही. अन् मी वाजवलं नाही, तर मी करू काय?”

 मग आम्ही तिघांनी मिळून ते लपवलं. प्रत्येक गाण्याआधी मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागे जायची, फळीवरच्या छोट्या खिडकीत आकडा बघायची आणि सूर सरकलेला असला की बोटांनी खूण करायची. चुडामण मान हलवून ठेका दाखवायचा. ऑर्केस्ट्रा कसला, चोरांची टोळी झाली होती आमची. आणि लोक म्हणायचे, यादवभाऊ टॅब आल्यापासून जास्तच रंगात वाजवतो. त्या टॅबवरून नजर हलत नाही त्याची.

त्याची आई धुरपदामाय ओसरीत खाटेवर असायची. वय झालेलं, पाय गेलेले, पण जीभ शाबूत आणि कान तर मांजराचे. एकदा दुपारी मी तिला कढी घेऊन गेले. यादवभाऊ आतल्या खोलीत होता. तिनं हाक मारली, “यादव!” परत मारली. परत मारली. मी म्हटलं, “माय, डोळा लागला असेल त्याचा.”

“डोळा नाही लागला,” ती म्हणाली. “बहिरा झाला माहा लेक. तू मले नको शिकवू.”

मी कढीची वाटी तिच्या हातात दिली.

“त्याले नको सांगजो का मले माहीत हाये,” ती म्हणाली. “मी हाक मारली अन् तो आला नाही तर मी चूप बसते. त्याले दिसलं तर येतो, पाय दाबून देतो. मग मी त्याले म्हणते, वाजव. तो वाजवतो. मी ऐकते.” आणि कढी पीत म्हणाली, “मीठ कमी हाये.”

मागच्या आखाजीला घरचे सगळे जमले होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण, माहेरी यायचं, झोके बांधायचे, गाणी म्हणायची. धुरपदामायनं खाटेवरूनच आपलं गाणं म्हटलं. ते तिनं स्वतःच कधीतरी झोक्यावर जुळवलेलं होतं, लोधीपुऱ्यातल्या बायकांना पाठ होतं. कडवी खूप होती, पण ध्रुवपद असं:

तापीच्या वाळूत कोनाचं पाऊल
लेक येते माहेराले, मायले चाहूल

गाणं संपल्यावर ती पांडुरंगला म्हणाली, “मी मेली का रडारड नाही करायची. यादव हेच गाणं वाजवीन. घरापासून तापीपर्यंत. मधी थांबायचं नाही.”

पांडुरंग केळीच्या बागेत राबणारा, सरळ माणूस. आमच्यात आईला अग्नी धाकटा देतो, म्हणून मडकं त्याच्याच हातात असणार होतं. तो म्हणाला, “आई, घरचा माणूस वाजवतो का कुठं? लोक काय म्हणतीन?”

“लोकायले नेऊन राहिले, का मले?” माय म्हणाली, आणि विषय संपला.

मी मात्र सगळे जेवायला उठल्यावर तिच्याजवळ बसले. “माय, त्याला ऐकू येत नाही आणि तू असं का मागून ठेवलंस?”

“मेल्यावर मले कुठं ऐकू येईन?” ती हसली. “दोघं सारखेच.” मग हसणं गेलं तिचं. “वैजू, तो रात-दिवस हाच विचार करते का आपण कोनाच्या कामाचे नाही राहिलो. मायले पोचवलं मी, माह्या हातानं पोचवलं, एवढं त्याच्याजवळ राहिलं पाहिजे. मग तो पुढं जगून जाईन. तेवढं सांभाळजो.”

मी हो म्हटलं. आणि आखाजीचे झोके अजून झाडांवर होते, तोच माय गेली. झोपेतच गेली. यादवभाऊ तिला सकाळी चहा घेऊन गेला आणि चहा हातात घेऊन शेजारी बसून राहिला.

वैशाखाचं ऊन आणि आमचं बुऱ्हाणपूर. सकाळीच काढायचं होतं, पण पूर्णिमा इंदूरहून निघालेली, घाटात गाड्या अडकलेल्या. ती पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. रडत रडतच तिनं बापाचं सामान हातगाडीवर लावून दिलं. फळी, भोंगा, माझा माईक, आणि पुढच्या दांडीला टॅब. चुडामणला म्हणाली, “काका, हा उन्हात जास्त तापला तर आपोआप बंद पडतो. सावली ठेवा याच्यावर.” पांडुरंगनं बागेतून केळीची पानं आणली होती. चुडामणनं त्यातलं एक मोठं पान बादलीत बुडवलं आणि टॅबवर छपरासारखं बांधलं. आमच्याकडे उन्हातून काहीही न्यायचं असलं की हेच करतात, ओलं केळीचं पान घालतात. भाजीवर घालतात, फुलांवर घालतात, कुणाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. पण भाजीला वारा लागायचा नसतो आणि टॅबला लागायचा असतो, हे त्या घाईत कुणाला सुचावं? आणि त्या पानाखाली ती हिरवी रेघही झाकली गेली. मी यादवभाऊला खुणेनं विचारलं, “दिसेल का?” त्यानं मान हलवली. “हे गाणं मले उजेडाशिवाय येतं,” म्हणाला.

निघालो. पुढे पांडुरंग मडकं घेऊन, मग माय, मग आमची हातगाडी, आणि शेवटी बाया. दोन चुलतभाऊ गाडी ओढत होते. काही लोक तोंड वाकडं करत होते, पण यादवभाऊनं पेटीच्या आवाजात पहिली ओळ वाजवली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन रडायला लागल्या. असं कधी वाजवलं नव्हतं त्यानं. मी गायला लागले. चुडामण गळ्यात ढोलक अडकवून बाजूनं चालत होता. दुकानदार उठून उभे राहिले. मला वाटलं, माय, बघ गं, जसं म्हणाली होतीस तसंच चाललंय सगळं.

बाजाराच्या वळणावर माझ्या मागचा सूर गेला.

आधी वाटलं तो श्वास घेतोय. मग वाटलं वायर निघाली. मी गात गातच मागे पाहिलं. वायर जागेवर होती. फळीचा लाल दिवा चालू होता. यादवभाऊचे डोळे अर्धे मिटलेले, आणि बोटं पट्ट्यांवर फिरत होती, ती नेहमीची हळुवार बोटं. आवाज नव्हता. नुसतं टकटक, टकटक. केळीचं पान वाळून टॅबला चिकटलं होतं.

चुडामणनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात पान उचलायला पुढे झाला. मी डोळ्यांनीच त्याला दटावलं. माय म्हणाली होती, मधी थांबायचं नाही. टॅब काढून गार करायचा, परत चालू करायचा, म्हणजे भर बाजारात माय खांद्यावर आणि लेकाचं वाजवणं बंद. त्याला काय वाटलं असतं? मी माईक तोंडाजवळ ओढला आणि दुप्पट आवाजात गायला लागले. चुडामणनं ढोलकचा ठेका वाढवला. सूर नाही तर नाही, ठेका त्याच्या पायाला लागत होता.

पण गर्दीला डोळे असतात. गाडी ओढणाऱ्या चुलतभावानं मागे वळून सांगितलं, “दादा, आवाज बंद पडला तुह्या पेटीचा.” यादवभाऊ वाजवत राहिला. तो परत मोठ्यानं म्हणाला, “दादा! बंद पडलं!” यादवभाऊनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चुलतभाऊ गप्प झाला. त्याच्या शेजारचा गप्प झाला. मग ती गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सरकत पुढे गेली, कुणी काही न बोलता, नुसतं बघून. सगळ्यात पुढे पांडुरंगनं मान वळवली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भावाच्या बोटांकडे. किती दिवस तो म्हणत होता, दादा फोनवर नीट बोलत नाही, दादाला आता आपल्यात मन नाही. ते का, हे त्याला आता कळलं.

पुढे विसाव्याची जागा आली. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी पुढचे मागे होतात, आणि बाया तिथून माघारी फिरतात. यादवभाऊला कळलं होतं की आपण टेकलोय, पण त्याला आईनं सांगितलं होतं, म्हणून तो थांबला नाही. मागून पूर्णिमा धावत आली. तिला एका नजरेत समजलं. तिनं पानाला हात घातला आणि मी तो वरच्यावर धरला.

“मावशी, बंद आहे ते!”

“माहीत आहे.”

“अहो, पण बाबा वाजवतायत!”

“सगळ्यांना माहीत आहे पूर्णिमा. त्याला तेवढं माहीत नाही.”

 मग तिनं पदरानं, म्हणजे ओढणीनं, तोंड दाबलं आणि खाली बसली. बायांनी तिला धरलं.

तिरडी उचलली. मी गाडीबरोबर चालायला लागले तर एक म्हातारबुवा आडवे आले. “बाई, इथून पुढं बाया येत नाहीत.”

“मग तुम्ही गा,” मी म्हटलं. “येतं का सगळं? सगळी कडवी?”

ते बाजूला झाले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माझा घसा गेला, आवाज फाटला, तरी मी गात होते. मागे टकटक, टकटक. मला वाटत होतं मी माईक फेकून द्यावा आणि मोठ्यानं रडावं. काय केलं होतं ह्या माणसानं कुणाचं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या पाठवण्या वाजवल्या, दुसऱ्यांच्या देवांना झोपवलं, उठवलं. स्वतःच्या आईचं एक गाणं वाजवायचं होतं त्याला.

तापीवर पोचलो. वाळूत तिरडी ठेवली. यादवभाऊनं शेवटचा सूर धरला, धरून ठेवला, आणि हळूच बोटं उचलली. त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला बघवेना. घामानं भिजलेला, ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून म्हणाला, “कुठंच नाही थांबलो, वैजू.”

मी मान हलवली. टॅब बंद करायला म्हणून त्यानं पान सोडलं. काच काळी होती. बोट लावलं. तापलेली होती, त्यानं हात मागे घेतला. परत लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“आता गेलं,” मी म्हटलं. “खाली ठेवलं तेव्हा.”

त्यानं विश्वास ठेवला असता. मला अजून वाटतं, ठेवला असता. पण पांडुरंग पुढे आला. मडकं हातात, डोळे लाल. त्याला भावाला धीर द्यायचा होता, दुसरं काही नाही. तो यादवभाऊच्या अगदी समोर उभा राहिला, तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, “दादा. आईनं. सगळं. ऐकलं.”

यादवभाऊ त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

“पांडू,” तो म्हणाला, “तू असा सावकाश का बोलून राहिला माह्याशी?”

 यादवभाऊनं आजूबाजूला पाहिलं. चुलतभाऊ, शेजारी, बाजारातून आलेली माणसं, सगळी खाली वाळूकडे बघत होती. कुणाचीही नजर वर नव्हती. आपलं बहिरेपण ह्या सगळ्यांना कळलंय, म्हणजे सूर वाटेतच गेला होता, हे त्याला मग कुणी सांगायची गरज राहिली नाही.

“वैजू,” तो म्हणाला, “कुठून गेलं?”

जो माणूस तोंड बघून ऐकतो त्याच्याशी खोटं बोलणं फार अवघड. तोंड त्याच्याकडेच ठेवावं लागतं. माझ्यानं झालं नाही. “बाजाराच्या वळणावरून,” मी म्हटलं.

बाजार कुठे आणि घाट कुठे. तो खाली बसला. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. माय म्हणाली होती, तेवढं सांभाळजो. नाही सांभाळता आलं, माय. मी काय करू, नाही आलं.

मग त्यानं वर पाहिलं. “कोणत्या कडव्यावर होतो?”

“दुसरं कडवं नुकतं उचललं होतं,” मी म्हटलं. “पहिली ओळ झाली होती.”

तो उठला. लाकडं रचून झाली होती, मायला वर ठेवलं होतं. तो जवळ गेला, वाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि दुसऱ्या कडव्याची दुसरी ओळ म्हणायला लागला.

मी त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. कुणीच नव्हतं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो भलताच मोठा निघत होता आणि सूर कुठल्या कुठे जात होता. एक शब्द वर, दुसरा खोल, तिसरा नुसताच घोगरा. चुडामणनं ढोलकवर हात ठेवला आणि तसाच उचलून घेतला, ठेका धरायला जागाच नव्हती. मी त्याच्या सुरात जायला बघितलं. डोईफोडियापासून तेच करत आले होते ना. पण तो सूर मला सापडेना. शेवटी मी गप्प बसले.

त्यानं एक कडवं सोडलं नाही. पांडुरंग मडकं घेऊन उन्हात उभा होता. गाणं संपून यादवभाऊ बाजूला झाला, तेव्हाच पांडुरंगनं आईला अग्नी दिला.